वंशाचे समाजशास्त्र छापणारे त्रैमासिक : एक परीक्षण

'सोशिऑलॉजी ऑफ रेस अँड एथ्निसिटी' हे अमेरिकन सोशिऑलॉजिकल असोसिएशनच्या एका विभागाचे, म्हणजे वांशिक अल्पसंख्याकांचा अभ्यास करणाऱ्या सभासदांच्या विभागाचे, अधिकृत त्रैमासिक आहे. त्याचा पहिला अंक जानेवारी २०१५ मध्ये निघाला. डेव्हिड ब्रन्स्मा आणि डेव्हिड एम्ब्रिक हे त्याचे संस्थापक संपादक असून प्रकाशनाची बाजू सेज ही कंपनी सांभाळते. वर्गणी भरावी, ग्रंथालयाकडे मागणी नोंदवावी, की हाती येईल तेवढा लेख वाचून पुढे जावे, हा प्रश्न या विषयात नव्याने शिरणाऱ्या प्रत्येक वाचकाला पडतो. माझे मत आधीच सांगून टाकतो. सैद्धान्तिक लेखांसाठी हे नियतकालिक अवश्य वाचावे, अध्यापनाच्या सदरासाठी ते जपून ठेवावे, आणि केवळ आकडेवारीचे लेख हवे असतील तर त्यासाठी मुद्दाम वाट वाकडी करण्याचे कारण नाही.

या मताला थोडी पार्श्वभूमी हवी. वंशाच्या अभ्यासाला वाहिलेली नियतकालिके २०१५ पूर्वी नव्हती असे मुळीच नाही. डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस यांनी अटलांटा विद्यापीठातून 'फायलॉन' १९४० मध्येच सुरू केले होते. लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ रेस रिलेशन्सने १९५९ मध्ये काढलेले 'रेस' हे नियतकालिक १९७४ मध्ये ए. शिवानंदन यांच्या हाती 'रेस अँड क्लास' झाले आणि विद्यापीठीय वर्तुळापेक्षा रस्त्यावरच्या चळवळीशी अधिक जवळचे नाते सांगू लागले. 'एथ्निक अँड रेशियल स्टडीज' १९७८ पासून निघत आहे, आणि 'डु बॉईस रिव्ह्यू' २००४ पासून. मात्र अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञांची ही मुख्य संघटना १९०५ मध्ये स्थापन झाली, तिचे प्रमुख नियतकालिक 'अमेरिकन सोशिऑलॉजिकल रिव्ह्यू' १९३६ पासून चालू आहे, आणि तरीही ज्या विषयावाचून अमेरिकन समाजाचे वर्णनच पुरे होत नाही त्या विषयासाठी संघटनेच्या नावाने स्वतंत्र नियतकालिक निघायला स्थापनेपासून ११० वर्षे लागली. या विलंबाची कारणमीमांसा नियतकालिकाने स्वतःच्या पानांतून वेळोवेळी केली आहे आणि ती वाचनीय आहे.

मधल्या काळात वंशाविषयीचे संशोधन छापले जात नव्हते असेही नाही. ते भरपूर छापले जात होते, परंतु कोणत्या रूपात, हे पाहिले की नव्या नियतकालिकाची गरज लक्षात येते. कोणत्याही मोठ्या समाजशास्त्रीय नियतकालिकातील रिग्रेशनचा, म्हणजे एखाद्या गोष्टीशी इतर अनेक घटकांचा किती संबंध आहे ते मोजणाऱ्या गणिताचा, एखादा तक्ता समोर धरावा. डावीकडच्या स्तंभात वय, शिक्षणाची वर्षे, कुटुंबाचे उत्पन्न, वैवाहिक स्थिती अशा ओळी असतात आणि त्यांच्यातच 'कृष्णवर्णीय', 'हिस्पॅनिक' (स्पॅनिशभाषक देशांत मूळ असलेले), 'आशियाई' अशा ओळी बसवलेल्या असतात. प्रत्येक ओळीपुढे एक गुणक, म्हणजे त्या घटकाच्या संबंधाचा आकडा, त्याच्या खाली कंसात प्रमाण त्रुटी, म्हणजे त्या आकड्यातली अनिश्चितता, आणि संख्याशास्त्रीयदृष्ट्या महत्त्वाच्या गुणकांवर एक, दोन किंवा तीन तारे. 'गोरे' ही ओळ बहुधा सापडत नाही. ती तक्त्याखालच्या बारीक टिपेत, वगळलेला संदर्भगट म्हणून नोंदवलेली असते. बाकी सगळे त्या न दिसणाऱ्या ओळीपासून किती अंतरावर आहेत, एवढेच तक्ता सांगतो. संख्याशास्त्राच्या दृष्टीने यात काहीही चूक नाही, कारण कोणता तरी गट वगळावाच लागतो. पण पिढ्यान्‌पिढ्या तोच गट वगळला गेला की वंश ही इतरांना चिकटलेली एक बाब आहे आणि गोरेपणा म्हणजे वंशच नव्हे, अशी समजूत वाचणाऱ्याच्या नकळत पक्की होते. तुकुफु झुबेरी आणि एदुआर्दो बोनिला-सिल्वा यांनी २००८ मध्ये संपादित केलेल्या एका ग्रंथात संशोधनपद्धतीच्या या बाजूवर विस्ताराने टीका झाली होती. या टीकेला नेहमीची जागा मिळावी, ती एखाद्या विशेषांकापुरती राहू नये, ही अपेक्षा या त्रैमासिकाने बऱ्याच अंशी पुरी केली आहे.

पहिल्या अंकातील तीन लेख आजही या नियतकालिकाची ओळख म्हणून दाखवता येतील. एलायजा अँडरसन यांचा 'द व्हाइट स्पेस' हा त्यांतला सर्वांत सुबोध. कृष्णवर्णीय माणसे जिथे सहसा नसतात, जिथे त्यांची अपेक्षा नसते, आणि असलीच तर ती कडेला असतात, अशा वस्त्या, शाळा, कचेऱ्या आणि उपाहारगृहे यांना अँडरसन गोरी जागा म्हणतात. गोऱ्या माणसाला कृष्णवर्णीयांची वस्ती टाळून आयुष्य काढता येते. कृष्णवर्णीय माणसाला मात्र गोऱ्या जागेत वावरल्यावाचून पोटापाण्याची सोय होत नाही, हे त्यांच्या मांडणीचे मर्म आहे. त्या जागेत पाऊल टाकणारी व्यक्ती डॉक्टर असो वा वकील, तिला आधी आपण 'त्या' झोपडवस्तीतले नाही हे सिद्ध करावे लागते, आणि सिद्ध केल्यावरही मिळालेली प्रतिष्ठा तात्पुरती असते, कोणत्याही क्षणी काढून घेतली जाऊ शकते. फिलाडेल्फियाच्या रस्त्यांवर अनेक वर्षे निरीक्षण केलेल्या अभ्यासकाचा हात लेखाच्या प्रत्येक परिच्छेदात जाणवतो. तक्ता एकही नाही, आणि तो नसल्याचे कुठे खटकत नाही.

त्याच अंकातील बोनिला-सिल्वा यांचा लेख अधिक जड आहे आणि त्याला पूर्वपीठिकाही आहे. १९९७ मध्ये 'अमेरिकन सोशिऑलॉजिकल रिव्ह्यू'मध्ये त्यांनी असा विचार मांडला होता की वंशवाद हा काही माणसांच्या डोक्यातला पूर्वग्रह म्हणून समजून घेता येत नाही. समाजाची रचनाच वंशांच्या उतरंडीवर उभी असते, वरच्या थरातल्यांना त्या रचनेतून प्रत्यक्ष लाभ मिळतात आणि ते लाभ टिकवण्यासाठी लागणारे विचार मागाहून तयार होतात. २०१५ च्या लेखात त्यांनी हीच भूमिका पुन्हा मांडली, तिच्यावरील आक्षेपांना उत्तरे दिली आणि स्वतःच्या आधीच्या लेखनात काय राहून गेले तेही नोंदवले. आपल्याच सिद्धान्ताचा असा हिशेब जाहीरपणे मांडण्यासाठी जी पाने लागतात ती सर्वसाधारण नियतकालिकात मिळत नाहीत. तिथे नवा विदा (माहितीसाठा), नवा निष्कर्ष यांचा तगादा असतो. तिसरा लेख एव्हलिन नाकानो ग्लेन यांचा. वसाहतकारांनी भूमी बळकावून तिथेच कायमचे ठाण मांडणे ही इतिहासात घडून संपलेली घटना मानू नये, ती आजही चालू असलेली रचना आहे, हे सूत्र घेऊन त्यांनी मूलनिवासी, गुलामगिरीत आणलेले आफ्रिकी लोक, मेक्सिकन आणि चिनी स्थलांतरित यांच्या वाट्याला आलेल्या वेगवेगळ्या वागणुकीची सांगड घातली आहे. कृष्णवर्णीय आणि गोरे या जोडीपलीकडे न पाहणाऱ्या अमेरिकन लेखनाला हा लेख चांगला उतारा आहे.

पुढच्या वर्षी तान्या गोलाश-बोझा यांचा जो लेख आला तो मी नव्या वाचकाला सर्वांत आधी वाचायला सांगेन. त्याआधी २०१३ मध्ये 'एथ्निक अँड रेशियल स्टडीज'च्या पानांवर एक गाजलेला वाद झाला होता. जो फेगिन आणि शॉन एलायस यांनी मायकल ओमी आणि हॉवर्ड विनंट यांच्या वंशघडणीच्या, म्हणजे वंशाच्या कल्पना सामाजिक आणि राजकीय प्रक्रियेतून घडतात व बदलतात या, सिद्धान्तावर कडक टीका केली आणि ओमी-विनंट यांनी तिला तितकेच कडक उत्तर दिले. समाजशास्त्राकडे वंशाचा धड सिद्धान्तच नाही अशी हाकाटीही त्या सुमारास ऐकू येत असे. गोलाश-बोझा यांनी ती फेटाळली. सिद्धान्त आहे, तो विखुरलेला आहे, असे म्हणत त्यांनी तो एकत्र मांडून दाखवला. वंश आणि वंशवाद यांचा विचार एकाच चौकटीत व्हावा, वंशवादी विचारसरणी आणि वंशवादी रचना यांचे परस्परसंबंध उलगडले जावेत, लिंग आणि वर्ग यांच्याशी असलेली गुंतागुंत लक्षात घेतली जावी आणि या सगळ्याची दिशा दडपशाही संपवण्याकडे असावी, अशा त्यांच्या अपेक्षा आहेत. शेवटच्या अपेक्षेशी सर्वच अभ्यासक सहमत होणार नाहीत, पण मतभेद नेमका कुठे आहे हे इतक्या स्वच्छपणे सांगणारा लेख मिळणे ही वाचकाची मोठी सोय आहे. ज्युलियन गो यांचा २०१८ मधील लेख वसाहतोत्तर विचाराकडून वंशाच्या समाजशास्त्राला काय घेता येईल ते तपासतो आणि अमेरिकेच्या सीमेबाहेरच्या साम्राज्याचा प्रश्न या चर्चेत आणतो.

आता तक्रारी. पहिली तक्रार अशी की सहमतीचा सूर फार लवकर लागतो. अनेक लेखांची पहिली चार-पाच पाने त्याच त्या नावांना वंदन करण्यात जातात आणि वाचक सरावला की ती उलटून थेट पद्धतीच्या भागाकडे जातो. वंश, वांशिकता (भाषा, धर्म, संस्कृती यांवरून मानली जाणारी समूहाची ओळख) आणि राष्ट्र या तिन्ही गोष्टी एकाच क्षेत्राचे भाग म्हणून अभ्यासाव्यात, वंशाला वेगळा दर्जा देऊ नये, असे मानणाऱ्या रॉजर्स ब्रुबेकर यांच्यासारख्या अभ्यासकांची बाजू इथे प्रामुख्याने खंडनासाठी येते, असे माझे वाचन सांगते. ज्या नियतकालिकाने सिद्धान्ताच्या वादाला मैदान मिळवून दिले त्याने प्रतिपक्षालाही मैदानात उतरवायला हवे. याच कारणाने शीर्षकातील 'एथ्निसिटी', म्हणजे वांशिकता, काहीशी उपेक्षित राहिली आहे. भाषा, धर्म, प्रादेशिक अस्मिता, अल्पसंख्य राष्ट्रे अशा प्रश्नांवर वाचायचे असेल तर 'एथ्निक अँड रेशियल स्टडीज' किंवा 'एथ्निसिटीज' अधिक उपयोगी पडतात. त्यांपैकी पहिल्याचा पसाराही मोठा आहे, वर्षाला डझनाहून अधिक अंक निघतात, त्यामुळे निवड करून वाचण्याचा ताण मात्र वाचकावर पडतो.

दुसरी तक्रार अमेरिकाकेंद्रिततेची. ती अंशतः अन्यायकारक आहे, कारण हे अमेरिकन संघटनेचेच नियतकालिक आहे आणि आपले अंगण सोडून त्याने जगभर हिंडावे ही अपेक्षा कोणी केली नव्हती. अडचण वेगळी आहे. अमेरिकन सरकारची वर्गवारी लेखांत पुष्कळदा स्पष्टीकरणाशिवाय येते. ती वर्गवारी ऑफिस ऑफ मॅनेजमेंट अँड बजेट या अमेरिकन सरकारच्या कचेरीच्या १९७७ च्या निर्देशाने ठरली, १९९७ मध्ये सुधारली गेली, त्या सुधारणेमुळे २००० च्या जनगणनेत प्रथमच एकाहून अधिक वंश निवडण्याची मुभा मिळाली, आणि मार्च २०२४ मध्ये पुन्हा बदल होऊन वंश आणि वांशिकता यांचे दोन प्रश्न एकत्र करण्यात आले व मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिका अशी नवी वर्गवारी आली. म्हणजे १९९५ च्या पाहणीतला 'हिस्पॅनिक' आणि नव्या मानकांनुसार होणाऱ्या पाहणीतला 'हिस्पॅनिक' हे एकाच प्रश्नाचे उत्तर नाही. अमेरिकेबाहेरच्या वाचकाला हे ठाऊक असण्याचे कारण नाही, आणि खुद्द वंश ही समाजाने घडवलेली गोष्ट आहे असे बजावणाऱ्या लेखांनी तरी ती कोणत्या कचेरीत आणि कोणत्या अर्जावर घडते हे एका वाक्यात सांगायला हरकत नसावी. जाताजाता एक नोंद: वंशाची जातीशी तुलना या विषयात नवी नाही. लॉइड वॉर्नर यांनी १९३६ मध्ये अमेरिकेच्या दक्षिण भागातील व्यवस्थेला जातिव्यवस्थाच म्हटले होते आणि ऑलिव्हर कॉक्स यांनी १९४८ च्या ग्रंथात ती तुलना सविस्तर खोडून काढली होती. इतका जुना आणि अजून न मिटलेला वाद या त्रैमासिकात नव्या तपशिलांनिशी यावा अशी माझी इच्छा आहे.

अध्यापनाचे सदर हा या नियतकालिकाचा खरा ठेवा आहे. संशोधनाच्या नियतकालिकात वर्गातल्या शिकवण्यावर लिहिलेले लेख नियमितपणे घेण्याची प्रथा फारशी नाही. अध्यापन हा दुय्यम व्यवहार समजला जातो आणि त्यावरचे लेखन वेगळ्या नियतकालिकाकडे धाडले जाते. इथे ते संशोधनाच्या शेजारी बसते. या सदरातील लेख वाचताना मी एकच कसोटी लावतो: लेखिकेने किंवा लेखकाने वर्गात काय बिघडले ते सांगितले आहे का? वंशावर शिकवताना वर्गात शांतता पसरते, एखादा विद्यार्थी दुखावतो, एखाद्या अल्पसंख्य विद्यार्थिनीवर आपल्या समाजाची प्रतिनिधी म्हणून बोलण्याचे ओझे येते, संपत्तीतील तफावत शिकवण्यासाठी रचलेला खेळ सगळ्यांना निव्वळ खेळ वाटतो. चांगले लेख या अडचणी उघड करतात आणि उपक्रमाची कृती इतकी नेमकी देतात की दुसऱ्या शिक्षकाला ती आपल्या वर्गात करून पाहता येते. कमकुवत लेख विद्यार्थ्यांच्या अभिप्रायातील स्तुतीची वाक्ये उद्धृत करून थांबतात. दोन्ही प्रकार सापडतात. पहिला पुरेसा सापडतो. याच अंगाने २०१७ मध्ये संपादकांनी स्वतः सहलेखकासह लिहिलेला, कृष्णवर्णीय व अन्य अल्पसंख्य पदव्युत्तर विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या मार्गदर्शनावरचा लेख वाचण्याजोगा आहे, कारण त्यात समाजशास्त्राने आपली भिंगे आपल्याच विभागांवर रोखली आहेत.

ग्रंथपरीक्षणे आटोपशीर आणि उपयुक्त आहेत. त्याहून अधिक बोलण्यासारखे त्यांत काही नाही.

लेख पाठवू इच्छिणाऱ्यांसाठी एक मुद्दा थोडा विस्ताराने सांगायला हवा. इथले तज्ज्ञ-परीक्षण दोन्ही बाजूंनी निनावी असते, म्हणजे लेखकाला परीक्षक कळत नाही आणि परीक्षकाला लेखक. नामवंतांना झुकते माप मिळू नये यासाठी ही पद्धत योग्यच आहे. पण या विषयात संशोधकाने स्वतः कोण आहोत हे सांगणे हा पद्धतीचाच भाग मानला जातो. गोऱ्या संशोधकाने कृष्णवर्णीय मातांच्या मुलाखती घेतल्या की त्या समाजातल्याच संशोधिकेने, यावर उत्तरे बदलतात, आणि म्हणून ते लिहावे लागते. मग निनावी प्रतीत हा परिच्छेद किती ठेवायचा? पुरता ठेवला तर छोट्याशा उपविषयात ओळख पटायला वेळ लागत नाही; गाळला तर परीक्षक 'संशोधकाची भूमिका स्पष्ट नाही' असा शेरा मारण्याची शक्यता असते. अनुभवी लेखक यातून मार्ग काढतात, गावाचे आणि संस्थेचे नाव वगळून सामाजिक स्थान तेवढे ठेवतात. नवख्यांना हे कोणी शिकवत नाही, आणि लेखकांसाठीच्या सूचनांत यावर एखादा परिच्छेद असता तर अनेकांचे श्रम वाचले असते. विषय जितका माणसाच्या जगण्याशी निगडित, तितका निनावीपणा अवघड, ही अडचण याच एका नियतकालिकाची नाही, मात्र इथे ती सर्वांत ठळक दिसते.

स्वीकारलेले लेख छापील अंकाच्या आधी संकेतस्थळावर येतात. त्यामुळे एकाच लेखाला दोन वेगवेगळी वर्षे लागू शकतात. संदर्भ देताना खंड आणि अंक पडल्यानंतरचे वर्ष घ्यावे आणि डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा डिजिटल ओळखक्रमांक, जोडावा, म्हणजे घोटाळा होत नाही. सारांश नेटके असतात. संदर्भसूची लांबलचक असतात, आणि विषय नव्याने शिकणाऱ्याने त्यांच्याकडे दुर्लक्ष करू नये, कारण लेखापेक्षा सूचीतूनच कधीकधी अधिक हाती लागते.

राहिला प्रवेशाचा प्रश्न. हे नियतकालिक मुळात वर्गणीचे आहे. मोठ्या विद्यापीठांची ग्रंथालये ते प्रकाशकाच्या एकत्रित संचातून घेतात, त्यामुळे तिथल्या वाचकाला किंमत जाणवतच नाही. स्वतंत्र संशोधक, छोट्या महाविद्यालयातील शिक्षक, आणि ज्या समाजांवर हे लेख लिहिले जातात त्यांतील कार्यकर्ते या संचाबाहेर राहतात आणि त्यांना एकेका लेखासाठी पैसे मोजावे लागतात. वंशानुसार साधनसंपत्तीचे वाटप कसे होते याचा अभ्यास करणाऱ्या विषयाला आपल्याच लेखांच्या वाटपाबद्दल मौन पाळणे शोभत नाही. लेखकाने शुल्क भरून आपला लेख सर्वांना खुला करण्याची सोय आहे, पण ती अनुदान मिळवणाऱ्यांच्याच कामाची. अनुदान कोणाला मिळते हा पुन्हा याच विषयाचा प्रश्न आहे. याच संघटनेचे 'सोशियस' हे नियतकालिक वाचकाला पूर्णपणे मोफत असते, तिथेही खर्चाचा भार लेखकाच्या बाजूला सरकलेला आहे, मात्र निदान वाचणाऱ्याच्या वाटेत दार नाही. विभागाच्या त्रैमासिकाने निदान अध्यापनाचे सदर तरी कायमचे खुले करावे, अशी माझी सूचना आहे. त्या सदराचे सर्वाधिक वाचक छोट्या महाविद्यालयांतील, जास्त तासिका घेणारे शिक्षक असणार, आणि वर्गणीचा संच नेमका त्यांच्याच ग्रंथालयात नसतो.

तोवर व्यवहारातला उपाय असा. हवा असलेला लेख बंद दिसला तर आधी 'सोशार्काइव्ह' या २०१६ पासून चालू असलेल्या मोफत भांडारात लेखकाच्या नावाने शोध घ्यावा, नंतर लेखकाच्या विद्यापीठाचा संग्रह पाहावा. पुष्कळ लेखक आपली स्वीकृत हस्तलिखित प्रत तिथे ठेवतात. तिच्यात पृष्ठक्रमांक नसतात आणि मांडणी साधी असते, पण मजकूर सहसा तोच असतो. तिथेही न मिळाल्यास लेखकाला दोन ओळींचे पत्र धाडावे. बहुतेक जण आनंदाने प्रत पाठवतात. वैयक्तिक वर्गणी घ्यायचीच असेल तर ती शिक्षकाने घ्यावी. संशोधकाने ग्रंथालयाकडे मागणी नोंदवावी आणि मागणीपत्रात पहिल्या दोन खंडांचा आवर्जून उल्लेख करावा, कारण जुने खंड वगळून फक्त चालू वर्ष घेण्याची काही ग्रंथालयांची पद्धत असते आणि तसे झाल्यास वर ज्यांच्याविषयी लिहिले आहे ते अँडरसन, बोनिला-सिल्वा, ग्लेन आणि गोलाश-बोझा यांचे लेखच हाती येणार नाहीत.